गाडीत राखीव पेट्रोल नेमके किती, हे चालकाला कळले पाहिजे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत अलीकडेच एका वाचक भगिनीने विचारले होते की, त्यांच्या नव्या मोटारसायकलला रिझर्व्हचा, म्हणजे राखीव पेट्रोल सुरू करण्याचा, कॉक का दिसत नाही आणि कंपनीने रिझर्व्हची टाकीच काढून टाकली आहे काय. ‘आता त्याची गरज उरलेली नाही, पेट्रोल कमी झाले की मीटरवर दिवा लागतो’, एवढेच उत्तर त्यांना देण्यात आले. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आणि या बाबतीत अपुरे उत्तर माणसाला रात्रीच्या वेळी निर्मनुष्य रस्त्यावर उभे करू शकते. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक हा व्यवसाय शिकवत असे. त्या काळात माझ्या लक्षात आले की, आयुष्यभर दुचाकी चालवणाऱ्या माणसांनाही आपल्या गाडीतल्या रिझर्व्हची रचना ठाऊक नसते. म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

सर्वात आधी वेगळ्या टाकीचा समज दूर करणे आवश्यक आहे. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला देणारा भाग) असलेल्या मोटारसायकलींत आणि स्कूटरींत रिझर्व्हसाठी दुसरी टाकी कधीच नव्हती. टाकी एकच असते आणि पेट्रोलही एकच असते. टाकीच्या तळाशी जो पेट्रोल कॉक बसवलेला असतो, त्याला आतल्या बाजूने पेट्रोल घेण्याची दोन तोंडे असतात. त्यांपैकी एक तोंड टाकीत उभ्या असलेल्या बारीक नळीच्या वरच्या टोकाला असते आणि दुसरे जवळजवळ तळाशी. पाण्याच्या पिंपाला दोन वेगवेगळ्या उंचींवर दोन तोट्या बसवाव्यात, तसाच हा प्रकार आहे. कॉक फिरवण्याचा बाहेरचा नॉब ‘ऑन’वर असताना पेट्रोल केवळ उभ्या नळीच्या टोकातून येते. पातळी त्या टोकाच्या खाली गेली की टाकीत पेट्रोल शिल्लक असूनही पुरवठा थांबतो. नॉब ‘रिझर्व्ह’वर फिरवला की तळाचे तोंड उघडते आणि उरलेले पेट्रोल मिळू लागते. म्हणजे रिझर्व्ह किती, हे त्या नळीच्या उंचीवर आणि त्या उंचीपर्यंतच्या टाकीच्या आकारावर ठरते. आपल्याकडच्या शंभर ते दीडशे सीसीच्या गाड्यांत ते साधारणपणे एक ते दोन लिटरच्या घरात असे.

या साध्या नळीचे मोल नीट समजून घेतले पाहिजे. ‘ऑन’वरचा पुरवठा थांबला तरी इंजिन त्याच क्षणी बंद पडत नाही, कारण कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, थोडे पेट्रोल शिल्लक असते. ते संपत आले की इंजिन अडखळते, झटके देते, अॅक्सिलरेटर पिळला तरी ओढ घेत नाही. सरावलेला चालक तेवढ्या अवधीत डावा हात खाली नेऊन चालत्या गाडीवरच नॉब फिरवत असे. चेतक स्कूटर चालवणाऱ्या पिढीला सीटच्या खालच्या बाजूचा तो खटका न पाहता फिरवण्याची सवय होती. आपल्या बोलण्यातले ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हे वाक्य याच क्षणाचे आहे. या रचनेत सूचना देण्याचे काम इंजिन स्वतः करत होते, आणि ती सूचना दुर्लक्षित करणे कोणालाही शक्य नव्हते. नॉब फिरवावाच लागे, आणि ज्याने तो फिरवला त्याला तेथून पुढे आपल्याकडे ठरावीक पेट्रोल उरले आहे हे पक्के कळलेले असे. तिच्यात वायर नाही, बॅटरी नाही, सेन्सर नाही. तिचा धोकाही मी लपवणार नाही. ट्रकला ओलांडून पुढे जात असताना इंजिनाने मान टाकली, तर ते काही क्षण जिवावर बेतणारे असत, आणि एक हात हँडलवरून काढून खाली न्यावा लागणे ही गोष्ट आजच्या वाहतुकीत मुळीच समर्थनीय नाही.

दुचाकी आडवी करून पेट्रोल ‘काढणे’ हा प्रकार आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्यालाही शास्त्रीय कारण आहे. मोटारसायकलची टाकी चौकटीच्या मधल्या नळीवर खोगिरासारखी बसते. त्यामुळे तिच्या तळाला मधोमध उंचवटा असतो आणि डावीकडे व उजवीकडे दोन कप्पे तयार होतात. पेट्रोल भरपूर असेपर्यंत दोन्ही कप्पे वरून जोडलेले राहतात. पातळी उंचवट्याच्या खाली गेली की ते एकमेकांपासून तुटतात. कॉक बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला असतो, म्हणून उजव्या कप्प्यातले पेट्रोल तेथेच अडकून पडते. गाडी डावीकडे चांगली कलवली की ते उंचवट्यावरून डाव्या कप्प्यात येते आणि गाडी आणखी काही अंतर जाते. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘रिझर्व्ह’ आणि ‘वापरण्यायोग्य रिझर्व्ह’ असे दोन वेगळे आकडे कधी कधी दिसतात, त्यांतल्या फरकाचे कारण हेच आहे. टाकीत आहे पण इंजिनाला मिळत नाही, असे थोडे पेट्रोल प्रत्येक गाडीत राहते.

घाटात हीच गोष्ट वेगळ्या रूपाने समोर येते. कॉक सहसा टाकीच्या मागच्या अंगाला असतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना टाकीतले पेट्रोल पुढे झुकते, मागचे तोंड उघडे पडते आणि गाडी अपेक्षेपेक्षा लवकर रिझर्व्हला लागते. तोच घाट चढताना पेट्रोल मागे येते, गाडी ‘ऑन’वरच चालत राहते, आणि वर सपाटीला पोहोचल्यावर मात्र अचानक अडखळते. उतारावर रिझर्व्ह लागले म्हणून घाबरण्याचे कारण नसते; चढावर लागले नाही म्हणून निर्धास्त राहणे अधिक धोक्याचे असते.

ज्यांच्याकडे आजही कॉक असलेल्या गाड्या आहेत, आणि ग्रामीण महाराष्ट्रात त्या मोठ्या संख्येने रोज रस्त्यावर आहेत, त्यांच्यासाठी दोनतीन गोष्टी मुद्दाम सांगतो. कॉकच्या आत छिद्रे असलेले रबरी पॅकिंग असते. ते झिजले वा कडक झाले की ‘ऑन’ आणि ‘रिझर्व्ह’ या दोन मार्गांमध्ये गळती सुरू होते. मग नॉब ‘ऑन’वर असतानाच तळाचे पेट्रोलही हळूहळू वापरले जाते, आणि ज्या दिवशी गाडी बंद पडते त्या दिवशी रिझर्व्हवर फिरवूनही काही मिळत नाही. ‘माझ्या गाडीचे रिझर्व्ह चोरीला गेले’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या गाडीत बहुतेक वेळा हाच दोष सापडतो. दुसरी गोष्ट, बाजारात मिळणारा स्वस्तातला कॉक बसवला तर त्याची उभी नळी मूळच्या नळीएवढीच उंच असेल याची खात्री नसते. नळी आखूड असली की रिझर्व्ह कमी होते, आणि चालक मात्र जुन्या हिशेबावर विसंबून राहतो. कॉक बदलल्यावर ‘ऑन’वरचा पुरवठा थांबल्यानंतर उरलेले पेट्रोल मेकॅनिककडून मोकळ्या जागेत, इंजिन थंड असताना, मापाच्या भांड्यात काढून एकदा मोजून घ्यावे. त्यासाठी फारसा वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट टाकीच्या झाकणातल्या हवेच्या छिद्राची. पेट्रोल खाली उतरत जाते तशी वरून हवा आत यावी लागते. पावसाळ्यात चिखलाने किंवा एरवी धुळीने ते छिद्र बुजले, तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल येणे थांबते आणि गाडी अगदी रिझर्व्हला लागल्यासारखी अडखळते. नॉब फिरवूनही फरक पडत नसेल, तर झाकण उघडून पाहावे. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी सुरळीत चालली, तर दोष कुठे आहे हे कळले.

सर्वाधिक आढळणारी चूक मात्र यंत्राची नसून चालकाची असते. पंपावर पेट्रोल भरल्यावर नॉब परत ‘ऑन’वर आणायचे राहून जाते. नॉब कायम रिझर्व्हवर असेल तर उभ्या नळीला काही अर्थच उरत नाही; पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत कोणतीही सूचना न देता संपते. म्हणून झाकण बंद करण्याबरोबरच नॉब तपासण्याची सवय मी विद्यार्थ्यांना लावत असे. गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर तो ‘ऑफ’वर ठेवावा, कारण कार्ब्युरेटरच्या वाटीत येणारे पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसेल तर पेट्रोल वाटीतून ओसंडून वाया जाते, आणि काही गाड्यांत ते इंजिनातही उतरते.

रिझर्व्हवर गाडी जास्त पेट्रोल पिते, हा समज निराधार आहे. पेट्रोल कोणत्याही तोंडातून आले तरी पुढे ते त्याच नळीने त्याच कार्ब्युरेटरमध्ये जाते. रिझर्व्हमुळे कचरा येतो, हा समज मात्र अर्धा खरा आहे. गंज, गाळ आणि पाणी तळाशी साचतात आणि रिझर्व्हचे तोंड तळाजवळ असते. वर्षानुवर्षे रिझर्व्ह न वापरलेल्या गाडीत एके दिवशी नॉब फिरवला, तर पहिल्यांदा हा साठाच कार्ब्युरेटरकडे जातो. यावर उपाय रिझर्व्ह टाळणे हा नाही. अधूनमधून तो वापरावा, आणि वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, कॉक उतरवून त्याची जाळी व टाकीचा तळ साफ करून घ्यावा.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलाच्या काळात ही काळजी अधिक महत्त्वाची झाली आहे. आज पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशी थर धरतात, म्हणजे नेमके रिझर्व्हच्या तोंडापाशी. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या, अर्धवट रिकाम्या टाकीच्या गाडीला याचा त्रास आधी होतो. शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलाच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरातली ऊर्जा निव्वळ पेट्रोलापेक्षा सुमारे सहा ते सात टक्क्यांनी कमी भरते. गाडीगणिक फरक पडेल, पण जुन्या काळी ‘रिझर्व्हवर साठ किलोमीटर’ असा बांधलेला आडाखा आज तसाच्या तसा धरू नये.

येथे पंपावरच्या एका नेहमीच्या वादाचाही उल्लेख करणे योग्य होईल. माहितीपत्रकात दिलेल्या क्षमतेत रिझर्व्ह सहसा धरलेलेच असते. ते त्याशिवायचे नसते. परंतु ती क्षमता गळ्यापर्यंत काठोकाठ भरलेल्या टाकीची नसते. उष्णतेने पेट्रोल प्रसरण पावते, एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.१ टक्का, म्हणून वर मोकळी जागा ठेवलेली असते. ग्राहक काठोकाठ भरायला सांगतो तेव्हा छापील क्षमतेपेक्षा जास्त पेट्रोल मावते, आणि मग मीटरमध्ये लबाडी असल्याचा संशय येतो. मापाविषयी शंका असेल तर पंपावर ठेवलेल्या पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि तो त्याने जरूर बजावावा. टाकी काठोकाठ भरून मात्र काहीच सिद्ध होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले आणि बहुतेक सर्व पेट्रोल दुचाकी कार्ब्युरेटरकडून फ्युएल इंजेक्शनकडे, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारण्याच्या पद्धतीकडे, गेल्या. इंजेक्टरला दाबाने पेट्रोल पुरवावे लागते. त्यासाठी टाकीच्या आतच विजेवर चालणारा पंप बसवलेला असतो. तो तळाजवळून एकाच तोंडाने पेट्रोल घेतो. दोन उंचींची दोन तोंडे आणि त्यांच्यामध्ये निवड करणारा नॉब यांना या रचनेत जागा राहिली नाही. कंपनीने काही हिरावून घेतले असे म्हणता येणार नाही, कारण रचनाच बदलली.

नॉबच्या जागी आलेला दिवा हा इशारा आहे; तो साठा वेगळा राखून ठेवत नाही. काही गाड्यांत तो तरंगणाऱ्या फ्लोटच्या दांड्यावरून चालतो. फ्लोट खाली गेला की दांडीला जोडलेल्या विद्युतरोधाचे मूल्य बदलते आणि मीटर ते वाचतो. काही गाड्यांत ठरावीक उंचीवर एक लहानसा थर्मिस्टर बसवतात. तो पेट्रोलात बुडालेला असेपर्यंत थंड राहतो. उघडा पडला की त्यातून वाहणाऱ्या विजेने तापतो, त्याचा रोध घटतो आणि दिवा लागतो. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. तरीही वळणावर, उतारावर किंवा साइड स्टँडवर कललेल्या गाडीत पातळी हलते, फ्लोटचा संपर्कपट्टा झिजतो, वायरीच्या जोडाला गंज चढतो. म्हणूनच आज काट्यावर एक घर दिसते आणि उद्या त्याच पेट्रोलावर दोन घरे दिसतात.

जुन्या रचनेत नॉब न फिरवणाऱ्याची गाडी जागीच उभी राही. आता दिव्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याची गाडी चालत राहते, आणि एकदा थांबली की तिच्याकडे दुसरा टप्पा शिल्लक नसतो. तरुण चालक ‘दिवा लागल्यावरही भरपूर जाते’ असे एकमेकांना सांगतात. किती जाते, हे विचारले तर प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. शिवाय टाकीतल्या पंपाला थंडावा आणि वंगण मिळते ते भोवतालच्या पेट्रोलातूनच. दिवा लागल्यावर रोज तशीच गाडी हाकणारा माणूस त्या पंपाचे आयुष्य कमी करत असतो, आणि तो पंप जुन्या कॉकपेक्षा कितीतरी महाग आहे. पेट्रोल संपता संपता इंजिन मिसफायर होते, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही, तेव्हा न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागापर्यंत) जाते, तेथे जळते आणि त्यालाही इजा पोहोचवू शकते.

अशी गाडी पूर्ण कोरडी पडल्यास केवळ बाटलीभर पेट्रोल ओतून किक किंवा बटण मारत बसू नये. (मुळात बाटलीत पेट्रोल देण्यास अनेक पंपांवर नकार मिळतो आणि तो नकार योग्यच आहे.) टाकीतल्या पंपाचे तोंड बुडेल इतके, म्हणजे शक्यतो एक-दोन लिटर पेट्रोल भरावे. नंतर चावी चालू करून पंपाचा बारीक घरघराट थांबेपर्यंत थांबावे, चावी बंद करावी, आणि असे काही वेळा केल्यावरच बटण दाबावे. नळीतली हवा निघून दाब तयार होण्यास तेवढा अवधी लागतो.

चारचाकी गाड्यांत कॉकची पद्धत फार पूर्वीच मागे पडली, तरी ती तेथेही होती. १९६१ पर्यंतच्या फोक्सवॅगन बीटल गाड्यांना पेट्रोलचा काटाच नव्हता. चालकाच्या पायाजवळ एक खटका असे आणि तो फिरवला की सुमारे पाच लिटरचा राखीव साठा खुला होत असे. आजच्या मोटारीत दिव्याबरोबर ‘आणखी इतके किलोमीटर’ हा आकडाही दिसतो. तो आकडा मागच्या काही अंतरातल्या सरासरीवर काढलेला असतो. सपाट रस्त्यावरून आलेली गाडी घाटाला लागली की तो झपाट्याने खाली येतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाला तेव्हा त्यावर इंधनाच्या सोयी अपुऱ्या होत्या. मधल्याच ठिकाणी बाहेर पडता येत नाही अशा रस्त्यावर जाण्यापूर्वी त्या आकड्यावर विसंबणे बरे नव्हे. अतिवेगाच्या मार्गावर कडेला उभी राहिलेली गाडी स्वतःसाठी आणि मागून येणाऱ्यांसाठी धोका असते.

डिझेल गाड्यांचे दुखणे आणखी वेगळे. टाकी कोरडी पडली की पाइपात हवा शिरते, ज्याला आपले चालक ‘गाडीने एअर घेतली’ म्हणतात, आणि नंतर डिझेल भरले तरी ती हवा काढल्याशिवाय गाडी चालू होत नाही. आजच्या डिझेल इंजिनांतल्या उच्च दाबाच्या पंपाला डिझेलच वंगण पुरवते. म्हणून डिझेल गाडी कोरडी पडू देणे म्हणजे मोठ्या खर्चाला आमंत्रण देणे होय.

वाचक भगिनींनी ज्या वेगळ्या टाकीविषयी विचारले, ती मात्र आज खरोखरच अस्तित्वात आहे, सीएनजी वाहनांत. सीएनजी रिक्षांना लहानशी पेट्रोलची टाकी असते, ती गॅस संपल्यावर जवळच्या पंपापर्यंत पोहोचण्यापुरती. ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सादर झालेल्या बजाज फ्रीडम १२५ या मोटारसायकलमध्ये सीटखाली दोन किलो सीएनजीचा सिलिंडर आणि त्याशिवाय दोन लिटर पेट्रोलची टाकी आहे, आणि हँडलवरच्या बटणाने एका इंधनावरून दुसऱ्यावर जाता येते. तेथे रिझर्व्ह हा खऱ्या अर्थाने स्वतंत्र साठा आहे. परंतु सीएनजी स्वस्त पडतो म्हणून पेट्रोल महिनोन्महिने वापरले जात नाही, ते जुने होते, त्याचा चिकट थर धरतो, आणि गरज पडते त्या दिवशी गाडी पेट्रोलवर चालत नाही. काही रिक्षाचालक ती टाकी रिकामीच ठेवतात. स्वतंत्र साठा ठेवणाऱ्याने तो अधूनमधून वापरून ताजा ठेवला पाहिजे.

विमानवाहतुकीत या विषयाकडे किती गांभीर्याने पाहिले जाते, हे एका वाक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जेट विमानाला १,५०० फुटांवर ३० मिनिटे घिरट्या घालता येतील इतके अंतिम राखीव इंधन ठेवावेच लागते, आणि उतरताना ते त्याहून कमी राहील असे दिसताच वैमानिकाने ‘मेडे फ्युएल’, म्हणजे इंधनाची आणीबाणी, असे जाहीर करणे बंधनकारक आहे. तेथे राखीव इंधनाची व्याख्या आकड्यांत आहे. आपल्या रस्त्यावरच्या कोट्यवधी दुचाकींसाठी मात्र दिवा किती पेट्रोल उरल्यावर लागतो, हा साधा आकडा सामान्य चालकाला सहज सापडत नाही. तो असला तर माहितीपुस्तिकेच्या आतल्या एखाद्या पानावर, बहुधा इंग्रजीत असतो, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याच्या हाती ती पुस्तिका पडतेच असे नाही.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती अशी आहे. दुचाकींचे हेडलाइट सतत चालू राहावेत, असा नियम २०१७ मध्ये आपण करू शकलो, मोठ्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) २०१९ मध्ये सक्तीचे करू शकलो. तर टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मीटरजवळ एक लहानशी पट्टी लावणे कंपन्यांना बंधनकारक करणे कठीण नसावे. त्या पट्टीवर तीन गोष्टी स्थानिक भाषेत असाव्यात: दिवा लागतो तेव्हा वापरण्यायोग्य पेट्रोल किती उरलेले असते, टाकीत किमान किती ठेवावे, आणि पूर्ण संपल्यास पुन्हा चालू करण्यापूर्वी किती भरावे. अंतराचा आकडा छापू नये, कारण तो रस्त्यावर, वजनावर आणि चालवण्यावर अवलंबून असतो. लिटरचा आकडा मात्र बदलत नाही, आणि आपल्या गाडीचे अॅव्हरेज ठाऊक असलेला चालक त्यावरून अंतराचा हिशेब स्वतः करू शकतो.

शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत चिन्हांवर आणि नियमांवर प्रश्न असतात. त्यांत इंधनाच्या दिव्यावरचा एखादा प्रश्नही घालावा, आणि ड्रायव्हिंग स्कूलने पहिल्या दिवशी क्लच आणि ब्रेकबरोबर हा दिवाही दाखवावा. आपल्या वाहनविषयक पुरवणीत राज्यात सर्वाधिक चालणाऱ्या दुचाकींचे हे आकडे कंपन्यांकडून मागवून एका कोष्टकात छापता आले, तर ते कात्रण अनेक गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलेले दिसेल. ज्या भगिनींनी प्रश्न विचारला, त्यांनी तोपर्यंत आपल्या विक्रेत्याकडे लेखी विचारणा करून त्यांच्या गाडीचा आकडा मिळवावा आणि तो झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा, असे मी त्यांना सुचवू इच्छितो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (मोटार मेकॅनिक),
जिल्हा सातारा